तुळसाच्या हातून वाचलेला मूठभर कोळसा

९ फेब्रुवारी २००५. सकाळी धुकं, दहानंतर कडक ऊन, वारा पडलेला. त्या दिवशी मालवणात विन्सेंट मास्तरांच्या परसात माझा जन्म झाला. मी करवंटीचा कोळसा बोलतोय.

माझी सगळी भावंडं शेजारी कपड्यांना इस्त्री करून देणाऱ्या तुळसाच्या इस्त्रीत गेली. मला मास्तरांनी वेगळ्या कामासाठी धरलं होतं. सोडियमच्या बॅटरीत सोडियम साठवायला कार्बन लागतो. पेन्सिलीतलं शिसंही कार्बनच, पण त्याचे थर इतके घट्ट, की सोडियम आत शिरतच नाही. माझे थर वेडेवाकडे, मधे पोकळ्या. तिथे ते मावेल, असं मास्तर म्हणत. शाळा सांभाळून चार वर्षं त्यांनी यावरच्या पीएचडीच्या प्रबंधात घातली होती. दोन नमुने फसले. गोव्यातल्या मार्गदर्शकांनी कळवलं, 'तिसरा शेवटचा. नाही जमलं तर विषय सोडा.'

मास्तरांनी पत्र्याच्या डब्यात करवंट्या भरून झाकण मातीने लिंपलं. तापताना हवा लागली की आमची राख होते. डबा चुलीवर चढवून, तुळसाला लक्ष ठेवायला सांगून ते शाळेत गेले. डबा लालभडक झाला आणि तिने रोजच्या सवयीने कळशीभर पाणी ओतलं. डबा तडकला, आत हवा शिरली.

"मास्तरानू, निखारो फुललो की मी पाणीच मारतंय. हात थांबलोच नाय," संध्याकाळी ती रडवेली होऊन म्हणाली.

"गो बाये, तो काय इस्त्रीचो कोळसो?" मास्तरांची बायको रोझालिना कडाडली. "आता ह्यांच्या प्रबंधाकच इस्त्री मार!"

मास्तरांनी राख सारून तळातून मला वेचलं. "मूठभर आसा. इतको पुरे. रडा नको गो."

गोव्याच्या प्रयोगशाळेत मला पुन्हा भट्टीत तापवलं, कुटलं, बटणाएवढ्या बॅटरीत भरलं. इकडे तुळसा रोज कुंपणाशी येऊन विचारी, "रोझाबाय, इलो काय गो गोव्याचो कागद?"

आता २०१० साल. उरलेला चिमूटभर मी शाळेच्या कपाटात, औषधाच्या बाटलीत आहे. तुळसाकडे विजेची इस्त्री आली. खळीचा आणि तापल्या कपड्यांचा तो वास फार आठवतो. कपाट आवराल तेव्हा काजळी समजून मला फेकू नका. बाटलीवर मास्तरांच्या अक्षरात चिठ्ठी आहे, तेवढी वाचा:

'नमुना तिसरा. कोळसा पाडला: तुळसा परब. पन्नास वेळा भरला, पन्नास वेळा रिकामा केला. शेवटी क्षमता पहिल्या खेपेच्या एक्याण्णव टक्के. प्रबंध मान्य, १६ जून २००६.'