जीभकाकांचा दगड

हाड कोणतं आणि दगड कोणता, हे ओळखायची आमच्या खोलीतली पद्धत सांगितली की पाहुणे हातातला चहा तसाच ठेवून उठतात. आम्ही चाटतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या हाडाला बारीक बारीक भोकं असतात, ती जिभेवरचं पाणी ओढून घेतात आणि हाड जिभेला चिकटतं. दगड चिकटत नाही, घसरतो. यंत्रं आहेत की, नाहीत असं नाही. पण यंत्र वापरायला वरच्या मजल्यावर अर्ज द्यावा लागतो, आणि जीभ तर घरून येतानाच बरोबर आणलेली असते.

या विद्येत जीभकाकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. संग्रहालयाच्या तळघरात आमची जीवाश्म साफ करायची खोली आहे. तिथे त्यांनी चौतीस वर्षं काढली. मी बाविसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली लागले. हातात सदान्कदा चिमटा असायचा म्हणून त्यांनी माझं नाव चिमटी ठेवलं, आणि आजही तिथे मला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळे नियम एका दमात सांगितले.

"हे बघ चिमटी, इथे दोनच गोष्टी चाटायच्या. हाड आणि दगड. साहेबांना चाटायचं काम वरच्या मजल्यावर चालतं, तिकडे माणसं पुरेशी आहेत."

आता त्या दगडाबद्दल सांगते. आमच्या खोलीचं दार आपोआप मिटतं, म्हणून ते उघडं ठेवायला एक मोठा ढेकूळवजा दगड लावलेला होता. दोन वीत लांब, मधे फुगीर, राखाडी. येणारा-जाणारा त्याला लाथ मारायचा. तो जीभकाकांना सापडला होता.

एकोणीस वर्षांपूर्वी ते दर रविवारी एकटेच एका मातीच्या खाणीवर जायचे. शहरापासून तासाभरावर विटांसाठी माती काढतात तिथे. खणायला जाणं हे त्यांचं काम नव्हतं. ते वरच्या विद्वानांचं काम, आम्ही नुसते साफ करणारे. संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर 'कोणाला सापडलं' असा रकाना असतो. त्या रकान्यात आमच्यापैकी कोणाचं नाव कधीच आलेलं नव्हतं. ते एकदा यावं, एवढीच जीभकाकांची हौस होती. बायकोने विचारलं तर 'पाय मोकळे करायला जातो' म्हणून सांगायचे.

एका रविवारी त्यांना ते ढेकूळ मिळालं. मोठ्या जनावराच्या मांडीच्या हाडाचं टोक असणार, अशी त्यांची खात्री होती. खांद्यावरच्या पिशवीतून आणलं आणि आठ दिवस कंबर धरून चालले. पुढच्या सोमवारी त्यांनी वरच्या तीन साहेबांना खाली बोलावलं होतं. तोवर जीभ लावायची नाही असं ठरवलं होतं, त्यांच्यासमोरच पहिल्यांदा चाटून दाखवणार होते.

मधल्या शुक्रवारी ते लवकर घरी गेले, आणि जाताना मला सांगून गेले की तबकातल्या भुसभुशीत हाडांना लेप दे. प्लास्टिकचे दाणे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून आम्ही पातळ लेप करतो. तो हाडाच्या भोकांत मुरतो आणि हाडाचा भुगा होत नाही. मी नवी, अंगात भलता उत्साह. तबकातल्या सगळ्यांना लेप दिला. शेजारी काकांचं ढेकूळ होतं. काकांचं म्हणून त्याला दोन हात जास्त दिले.

सोमवारपर्यंत लेप वाळला. वाळला की दिसत नाही आणि वासही उडून जातो. तीन साहेब ओळीने उभे राहिले. काकांनी जीभ लावली, आणि ती घसरली. त्यांनी बाजू बदलून पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

"दगड आहे," ते म्हणाले.

दुसरा कोणी असता तर यंत्र मागवलं असतं, उद्या बघू म्हणाला असता. काका जिभेशी कधी खोटं बोलले नाहीत. एक साहेब हसून म्हणाला, "वाया नको घालवू, दाराला लाव." आणि खरंच तो दाराला लागला.

भोकं मी बुजवली होती, हे मला त्याच क्षणी कळलं. मी मूग गिळून बसले. तीन महिन्यांच्या बोलीवर होते, घरी माझ्या पगाराची वाट बघत होते, ही सगळी कारणं मी स्वतःला ऐकवलेली आहेत. खरं कारण एवढंच की माझी फाटली. संध्याकाळी सांगू म्हणाले, मग उद्या, मग पुढच्या आठवड्यात. आठवड्याचं वर्ष झालं की ते सांगता येत नाही. काका मात्र पुन्हा कधी खाणीवर गेले नाहीत. रविवारी काय करता म्हणून विचारलं तर "झोपतो" म्हणायचे.

ही एवढी घाण पोटात ठेवून मी एकोणीस वर्षं त्या दारातून आत-बाहेर केलं.

आता काका शुक्रवारी निवृत्त होणार होते. निरोपाला काय भेट हवी, अशी वरून विचारणा आली. काका म्हणाले, "काही नको. तो दाराचा दगड द्या. माझी एकुलती एक चूक आहे, घरी नेतो."

बुधवारी निरोपासाठी लांब टेबल खाली आणत होते. हमालांनी दारात टेबल वळवलं, पाय दगडाला लागला आणि तो तीन पायऱ्या गडगडत खाली गेला. कोपरा उडाला. काका जेवायला गेले होते. मी तुकडा उचलला. आतली बाजू ताजी, तपकिरी, आणि तिच्यात काळे काळे तुकडे रुतलेले. मी जीभ लावली.

अशी चिकटली की ओढून काढावी लागली.

हमाल माझ्याकडे बघत होते. त्यांना काय वाटलं असेल ते वाटो. मी भिंग लावून पाहिलं, हा नुसता दगड नव्हता. आणि मग मी काय केलं असेल? तुकडा एप्रनच्या खिशात टाकला आणि दगडाची फुटकी बाजू भिंतीकडे वळवून ठेवली. एकोणीस वर्षांत माझ्यात झालेली सुधारणा ती एवढी.

गुरुवारी शाळेची मुलं येतात. त्या दिवशी सदतीस होती. मुलांना सांगाड्यांचं काही पडलेलं नसतं, त्यांना घाण हवी असते, आणि ती आमच्याकडे भरपूर आहे. मी त्यांना सांगते की एका समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याने माखल्यांसारखे प्राणी खाल्ले, त्यांची टणक टोकं पचली नाहीत म्हणून ओकून टाकली, आणि ती ओकारी आज दगड होऊन जपून ठेवलेली आहे. कासवांच्या जोड्या नको त्या वेळी तळ्यात बुडाल्या आणि तशाच्या तशा सापडल्या, हे सांगताना वर्गाच्या बाईंकडे बघत नाही. डायनासोरांना सगळ्या कामांना मिळून एकच भोक असायचं, आणि एका लहान डायनासोरचं ते भोक कातडीसकट टिकलंय, म्हटलं की मागच्या रांगेतली मुलंही पुढे सरकतात.

"आणि शी?" एका मुलीने विचारलं. कोणीतरी विचारतंच.

"शीसुद्धा दगड होते. सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीच्या शार्कच्या शीमध्ये जंतांची अंडी सापडली आहेत. म्हणजे ज्याला तुम्ही एवढे घाबरता, त्याच्याही पोटात जंत होते."

मुलं खूश. कोपऱ्यात बसलेले काका म्हणाले, "बाळांनो, तो दाराचा दगड बघा. तो मला सापडला. हाड म्हणून मी छाती फुगवून आणला आणि निघाला दगड. जीभ शहाणी होती माझी, डोळे मूर्ख. त्या दिवसापासून मी शोधायचं सोडलं. ज्याचं काम त्याने करावं."

सगळी मुलं हसली. काकाही हसले. मला ते हसणं सहन झालं नाही. हे मी धैर्याने केलं असं कोणी समजू नये, उलटी आवरत नाही तसं ते झालं. मी खिशातून तुकडा काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"काका, चाटा."

"काय आहे?"

"आधी चाटा."

काकांनी जीभ लावली. हात सोडला. तुकडा जिभेला लटकत राहिला आणि सदतीस मुलं एकदम किंचाळली. काकांनी तो काढला, उलटा केला आणि बाहेरची जुनी बाजू जिभेला लावली. घसरली. ते उठून दाराशी गेले, गुडघे धरत खाली बसले आणि दगडाची फुटकी बाजू आपल्याकडे वळवली. तुकडा तिथे लावून पाहिला. बरोबर बसला.

मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या वर्षी त्या खोलीत लेपाला हात लावणारी दोनच माणसं होती.

"त्या शुक्रवारी?" ते म्हणाले.

"हो."

"तुला कधी कळलं?"

"सोमवारीच. तुम्ही चाटलंत तेव्हा."

वर्गाच्या बाई शहाण्या. त्यांनी काही न विचारता मुलांना हत्तीच्या दालनाकडे वळवलं. पण जाता जाता ती मघाची मुलगी थांबली. "आजोबा, मग ते हाड आहे?"

काकांनी भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिले. "नाही बाळ. हाडांचे चुरे आहेत, कडा पोटात झिजून गोल झाल्यात. कुणीतरी कुणाला तरी हाडांसकट खाल्लं. ही शी आहे."

"म्हणजे तुम्ही शी चाटली?"

"तीन वेळा," काका म्हणाले. "आज धरून चार."

"पाच," मी म्हणाले. "आज दोनदा." त्यांनी माझ्यावर डोळे वटारले.

मुलगी गेल्यावर ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. मला वाटलं, संपलं, मी सुटले. "म्हणजे तेव्हाही मी चुकलोच असतो की," ते म्हणाले. "हाड म्हणालो असतो." मग हसू थांबलं. "पण चिकटलं असतं. साहेबांनी कापून बघितलं असतं. महिन्याभरात कळलं असतं."

"हो."

"एवढं मोठं हगणारं जनावर तिथेच कुठेतरी मेलं असणार. मी दुसऱ्याच रविवारी खणायला गेलो असतो. तेव्हा मला गुडघे होते, चिमटे."

मी रडले, आणि माझ्या रडण्याने त्यांना काडीचा फरक पडला नाही, ते बरोबरच होतं.

"रडू नकोस, चिठ्ठी काढ," ते म्हणाले. "शाईचं पेन घे."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. काय आहे: मांसाहारी प्राण्याची विष्ठा, हाडांच्या चुऱ्यासह. कुठे सापडलं: मातीची खाण, उत्तरेचा कडा. कोणाला सापडलं: इथे ते थांबले, आणि त्यांनी आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. शेरा: एकोणीस वर्षं दार अडवण्यासाठी वापरलं.

"झालं?" मी विचारलं.

"नाही. लेप कोणी दिला, तो रकाना रिकामा आहे."

मी माझं पूर्ण नाव लिहिलं. अक्षरं वाकडी आली.

"अक्षर नीट काढ," ते म्हणाले. "शंभर वर्षं लोक वाचणार आहेत."

शुक्रवारी निरोप झाला. काका भाषणात सगळ्यांबद्दल बोलले, माझ्याबद्दल एक शब्द नाही. दगड वर काचेच्या पेटीत गेला होता, त्यामुळे दाराला लावायला काही नव्हतं, आणि ते गेले तेव्हा त्यांच्यामागे दार धाडकन मिटलं. मी तिथेच टेबल पुसत राहिले.

रविवारी सकाळी सात वाजता माझ्या घराच्या दारावरची घंटा वाजली. काका उभे. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात हातोडा. हातोडा त्यांनी माझ्या हातात दिला.

"चल. मी खुर्चीत बसणार, तू खणणार. एकोणीस वर्षांचं खणायचं आहे, पाण्याच्या बाटल्या जास्त घे."

दुपारपर्यंत त्या मातीच्या खाणीत माझ्या हातांना फोड आले. वर खुर्चीत बसून काका शिव्या देत होते, तिथे नको, डावीकडे, अगं आंधळे, तुझ्या डावीकडे. मला एक गोळा मिळाला. तपकिरी, नारळाएवढा. मी कडा चढून वर गेले आणि तो त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी गोळ्याकडे पाहिलंच नाही. "हात," ते म्हणाले.

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी तळवे वळवून वळवून नाकाशी नेले, बोटांची टोकं एकेक करून हुंगली. अ‍ॅसिटोनचा वास येतोय का ते बघत होते. मग त्यांनी गोळा घेतला, पाण्याने धुतला आणि जीभ लावली.

"दगड," ते म्हणाले. "पुढचा आण."