ओट्यावरच्या चपला

ऋतिका घरं बांधत नसे, पण बांधायच्या आधीच ती राहती करून दाखवत असे. कर्जतच्या ऑफिसात वीकएंडवाल्यांच्या बंगल्यांची कॉम्प्युटरवर चित्रं काढणं हे तिचं काम. तिथल्या ऋषिकेशसरांचं एकच पालुपद: कोरं घर खोटं वाटतं, जरा वापर दिसू दे. मग ती पायरीची कड झिजवायची, भिंतीच्या पायथ्याशी चिखलाचे शिंतोडे उडवायची, आणि घराला जाग यायची.

आता गावी, पोशीरला, स्वतःचंच घर नव्यानं बांधायचं होतं. आईनं, सोनाबाईनं, पोरीच्या खोलीची जागा कधीच ठरवून टाकली होती. आणि पोरीनं बंगळूरची नोकरी पत्करली होती. हे सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

रविवारी दुपारी दोघी लॅपटॉपसमोर बसल्या. बाहेर लोंब्या फुटायच्या बेतात भात पोटरीला आलं होतं, त्याचा वास वाऱ्याबरोबर आत येत होता. पडद्यावर ऋतिकानं काढलेल्या नव्या घरावरही तसंच मऊ ऊन उतरलं होतं. दोरीवर सोनाबाईची हिरवी साडी, कोपऱ्यात वडिलांची, आबाजींची कोयती. घराच्या नावानं अजून चार खुंट्या आणि सुतळी होती, पण ही बाई मनानं आत शिरून झाडलोटसुद्धा करून आली असावी. ऊन जायच्या आत साडी काढायला हवी, असंही म्हणाली.

मग तिचं बोट ओट्याच्या पायरीशी थांबलं. तिथे आबाजींच्या वहाणा होत्या, सोनाबाईच्या स्लिपर होत्या. बस्स.

"तुज्या चपला कुठं हायत गं?"

घर खरं वाटावं म्हणून ऋतिका घरातल्या माणसांच्या चपला दाराशी मांडायची. स्वतःच्या मांडायला हात गेलाच नव्हता, हे तिला आत्ता कळलं. मग तिनं बंगळूरचं सगळं सांगून टाकलं. सांगताना रडलीही.

सोनाबाईला वाईट वाटलं, आणि तिनं ते लपवलंही नाही. ऋतिका घाईघाईनं तिसरा जोड शोधायला लागली, तसा सोनाबाईनं तिचा हात धरला.

"नको ठेवूस. खोट्या दिसतील. त्यापरीस गौरीची पावलं काढ, आत येणारी."

भाद्रपदात गौर आणायचा मान घरच्या लेकीचा. तांदळाच्या पिठात मूठ बुडवून पावलं उमटवायचं कामही आजवर ऋतिकाचंच. तिनं पडद्यावरच्या पायरीपासून एकेक पाऊल काढत नेलं, पांढरं, किंचित फिसकटलेलं. उंबरा ओलांडल्यावर ती थांबली. आता कुठवर, असं तिनं विचारलं.

"तुज्या खोलीपर्यंत ने," सोनाबाई म्हणाली.