बिजागरीवरून उतरवलेलं दार

मी मुलीच्या खोलीचं दार बोलतोय. भिंतींना कान असतात असं तुम्ही उठता-बसता म्हणता. दाराचं कोणी नावच काढत नाही. खरं तर घरातलं भांडण सगळ्यात जवळून ऐकतो ते आम्हीच, आणि तेही दोन्ही बाजूंनी.

सुतारानं मला या चौकटीत बसवलं तेव्हा मुलगी रांगत होती. लाडानं तिला ठमी म्हणतात. पुढे ती माझ्यामागे लपायला लागली. फ्रॉकचं टोक बाहेर दिसत असायचं, तरी बाबा घरभर शोधल्याचं नाटक करायचा. काय हसायचे दोघं!

ठमी चौदाची झाली आणि आतून कडी लागायला लागली. शाळेतल्या मैत्रिणींनी तिला एकटं पाडलं होतं. मधल्या सुट्टीत ती जिन्यात जाऊन बसायची. आईबाबांना तिनं यातलं अवाक्षर सांगितलं नाही. मला पाठ टेकून फोनवर मावशीला सांगायची आणि मग बराच वेळ रडायची. सकाळी पोटात दुखायचं, शाळा बुडायची आणि बाबाचा पारा चढायचा.

"कडी काढ! माझ्याच घरात मला दार लावतेस?"

"अहो, हळू. शेजारी ऐकतायत," आई म्हणायची. तिला शेजाऱ्यांची फार काळजी.

आत ठमी, बाहेर बाबा, आणि बुक्के मात्र मला. त्याचं काही नाही. पण पलीकडे पोर कशानं रडतेय, हे बाबानं एकदाही विचारलं नाही, याचं मला वाईट वाटायचं.

एका रविवारी तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला आणि त्यानं मला बिजागऱ्यांसकट उतरवलं. "आता बघू कुठे तोंड लपवते!" चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मला बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे उभं केलं.

तिथे घरातलं अर्धंमुर्धंच ऐकू यायचं. मावशीचे फोन थांबले, रडणंही थांबलं. ठमी मुकाट्यानं शाळेत जायला लागली.

"बघा, शांत झाली पोरगी," कपडे वाळत घालताना आई म्हणाली.

"मग! मात्रा लागू पडली," बाबा म्हणाला.

रडायला जागा उरली नाही म्हणून पोर गप्प झाली होती, आणि हे दोघं स्वतःचीच पाठ थोपटत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण दाराला वाचा कुठली?

सुट्टीत ठमी दोन दिवसांसाठी म्हणून मावशीकडे गेली ती परत यायला तयारच होईना. आईचं धाबं दणाणलं. दोघं समुपदेशक बाईंकडे गेले. बाईंनी उपदेश केला नाही, एवढंच विचारलं, "घरात तिला रडू आलं तर ती कुठे जाते?"

हे मला कळलं, कारण घरी येऊन बाबा थेट बाल्कनीत आला, बाईंचा प्रश्न पुन्हा पुटपुटला आणि माझ्यासमोर आईला म्हणाला, "पोरीशी बोलायचं सोडून मी दाराशी भांडत बसलो गं."

पाण्यानं मी खालून फुगलो होतो. बाबानं स्वतःच रंधा मारला, जरा वाकडाच, आणि मला पुन्हा चौकटीत बसवलं.

ठमी आली. तिनं मला लोटलं, पण कडी लावली नाही. बाबा बाहेर उभा राहिला. आत ती बॅग भरत होती.

बाहेर येऊन ती म्हणाली, "बाबा, दार चांगलं बसलंय. पण मी मावशीकडेच राहते."

"बरं," बाबा म्हणाला.

तुमच्याही घरात असं एखादं बंद दार असेल. राग आला तर खुशाल माझ्या जातभाईंना बुक्के मारा, आमची हाडं टणक असतात. पण आतल्याला काय होतंय ते विचारा, आणि तो सांगेपर्यंत थांबा.

मी आता बहुतेक वेळ बंदच असतो. खोली झाडायला बाबाच येतो. आत कोणी नसतं, हे त्याला ठाऊक आहे. तरी तो हलकेच टकटक करतो, थोडा थांबतो आणि मगच मला ढकलतो.