कातळावरचा सौदा

लोहाराच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक व्यापार तोंड न उघडता चालत आला होता. जंगलाच्या कडेच्या कातळावर सुऱ्या मांडायच्या, हातोड्याचा एक ठोका द्यायचा आणि टेकाडामागे पाठ करून बसायचं. परत यावं तो शेजारी मधाची मडकी. भाव पटला तर मध उचलून पुन्हा ठोका द्यायचा. नाही पटला तर मडकं जरा बाजूला सारायचं, की त्यात भर पडे. ठेवणारे कोण, ते कुणी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी सासूचे गुडघे धरले होते. ती कातळावरच टेकली.

"तू जा. मला म्हातारीला बघून ते काय पळून जाणारेत?"

सून परतली तर सुऱ्यांशेजारी नेहमीचा मध होता. आणि डुलकी लागलेल्या सासूच्या मांडीला लागून एक वेगळं, छोटं मडकं. हा भाव सुऱ्यांचा नव्हता. तिनं सासूला गदागदा हलवलं.

सासू म्हणजे बाजारात भल्याभल्यांना पाणी पाजणारी बाई. तिनं मडकं पाहून नाक मुरडलं, "एवढंसं?" म्हणाली आणि सवयीनं ते बाजूला सारलं.

"आई, काय केलंत हे!" सुऱ्या, मध, सगळं तिथंच टाकून सुनेनं तिला ओढत घरी आणलं आणि दाराला कडी घातली.

सकाळी उंबऱ्याबाहेर मडक्यांची रांग होती. आजवर ते लोक कातळाच्या अलीकडे कधी आले नव्हते. सुनेनं घाबरून सगळी मडकी काठीनं दूर लोटली. दुसऱ्या दिवशी दुप्पट आली, तेव्हा तिला कळलं की आपणही घासाघीसच करतोय. मग तिनं हात लावायचं सोडलं, तरी मडकी येतच राहिली. लोहार रात्रभर हातोडा घेऊन दारात बसायचा आणि पहाटे नेमका पेंगायचा.

सासू मात्र खिडकी सोडत नव्हती. तिच्या गालांवर लाली चढली होती.

"आज अंगण भरलं गं," एका सकाळी ती म्हणाली, आणि तिनं कडी काढली.

"आई, नका ना! तुमच्याशिवाय हे घर कसं चालेल?" सून रडायलाच लागली. हे तिच्या मनात नेहमीच होतं, बोलायचं तेवढं राहून गेलं होतं.

सासू थबकली. "हे आधी बोलली असतीस तर?" ती मायेनं म्हणाली. मग वाकून तिनं मधात बोट बुडवलं आणि चाटलं.

अंगणापलीकडून हातोड्याचा एक ठोका ऐकू आला. लोहाराचा हातोडा त्याच्या मांडीवरच होता.