राखाडी माशांचा ओहोळ

हे गेल्यावर ह्यांच्या वस्तूंना फार मागणी आली. कोट धाकट्या दिरांनी नेला, घड्याळ जावयाकडे गेलं, गुडघ्याचा पट्टासुद्धा समोरच्या बाईंनी मागून नेला. मासे मात्र कोणी मागितले नाहीत. मी त्याबद्दल कोणाला नावं ठेवत नाही. बोटाच्या दोन पेरांएवढे, राखेत लोळून आल्यासारखे मासे, ना झुपकेदार शेपटी ना अंगावर रंग. त्यांचं एक लांबलचक शास्त्रीय नाव होतं आणि ते उच्चारताना हे मान जरा ताठ करायचे. मी त्यांना राखाडे म्हणते. राखाडे अंडी घालत नाहीत, थेट जिवंत पिल्लं देतात. ही माहिती मला संसारात किमान सहाशे वेळा मिळाली आहे.

हे तीन दिवसांत गेले, छातीत दुखायला लागल्यापासून धरून. दवाखान्याच्या कागदांवर मी सह्या केल्या, आल्यागेल्याचं चहापाणी केलं, फोन उचलले. रडू काही आलं नाही. लेक रोज फोनवर म्हणायची, "आई, एकदा रडून घे गं, मोकळी होशील." मी म्हणायचे, "आलं की कळवते." वाईट वाटत होतं असंही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिली की गाल कसा होतो, आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. त्याला आठ महिने झाले.

हे गेले तेव्हा टाकीत एकवीस राखाडे होते. आठ महिन्यांत पाच उरले. जुने वय होऊन जात होते आणि नवे येत नव्हते.

ही मोजदाद माझी नव्हे, शिंपीभावजींची. ते ह्यांचे माशांमधले दोस्त. कोपऱ्यावर कपडे शिवायचं दुकान आहे त्यांचं, गळ्यात कायम टेप. दर रविवारी येतात, टाकीपुढे उकिडवे बसतात आणि शर्टाला उसवलेली शिवण सापडल्यासारखा चेहरा करतात. त्या रविवारी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले.

"वहिनी, चार नर आहेत आणि मादी ही एकच."

"बरं."

"ती पोटुशी आहे. शेपटीकडे काळा डाग दिसतोय बघा. अजून तीनेक आठवडे."

"मग चांगलंच आहे की."

"कुठलं चांगलं! माझ्याकडचे मागच्या वर्षीच संपले. आणखी एका मास्तरांकडे होते, त्यांनी तर टाक्याच काढून टाकल्या. आणि ज्या ओहोळातले हे मासे, तो रस्ता रुंद करताना बुजवला. आता आपल्या माहितीत जगात एवढेच. हिची पिल्लं मेली की खेळ खलास."

मी म्हटलं, "मग खलास." अगदी सहज म्हटलं. भाजी संपली म्हणावं तसं. भावजींनी माझ्याकडे पाहिलं आणि चहाचा कप न पिता खाली ठेवला. मला त्यांच्यासाठी तरी काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मागच्या दोन वर्षांत मेलेलीच पिल्लं झाली होती. मादी भरली की तिला जाळीच्या लहान पेटीत ठेवायचं, म्हणजे पिल्लं जाळीतून खाली निसटतात आणि मोठे मासे त्यांना खात नाहीत, अशी ह्यांची पद्धत. हे गेल्यावर भावजींनीही दोनदा तसंच केलं होतं. दोन्ही वेळा पेटीच्या तळाशी पांढुरके, गोळा झालेले जीव निघाले.

भावजींनी टाकीच्या काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "वहिनी, त्यांनी हे मासे पकडले तेव्हा तुम्ही बरोबर होतात ना? तिथे काय काय होतं?"

तिथे काय होतं हे मला विचारायचं! बावीस वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नाला निघालो होतो आम्ही. वाटेत ह्यांनी गाडी थांबवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोन तास रस्त्याकडेच्या ओहोळात वाकून उभे राहिले. पाणी आणायला डबा नव्हता म्हणून भावाला द्यायला घेतलेल्या नव्याकोऱ्या किटलीत मासे भरले. लग्नाला आम्ही पोचलो तेव्हा लोक हात धुवत होते. त्या दोन तासांत मी ह्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून एका दगडावर बसून पाण्याकडे बघत होते. रागात मला सगळं लख्ख दिसतं. हे फक्त मासे बघत होते.

"पाणी घोट्याएवढं," मी म्हटलं. "संथ. सिमेंटच्या पाइपातून यायचं, पाइपाचं तोंड एका बाजूने फुटलेलं. दगड पांढरट, त्यांच्यावर शेवाळ, हिरवं नाही, तपकिरी, पाय ठेवला की सटकन घसरेल असं. तळाला वाळकी पानं, एकावर एक, वीतभर तरी. काठावरच्या झुडपाची मुळं पाण्यात सोडलेली, केस सोडावेत तशी. फुलंबिलं काही नाही. उजेड पण थोडाच."

भावजींनी कानामागचा खडू काढला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहायला सुरुवात केली. मी ओरडले नाही, यावरून माझी अवस्था कळावी.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ते तसाच ओहोळ टाकीत उभा करायच्या कामाला लागले. माळ्यावरची रिकामी टाकी उतरवली. टेपने माप घेऊन म्हणाले, "लांबी छत्तीस, उंची पंधरा. बाई जरा आडव्या अंगाच्या आहेत." एरवी मी हसले असते. खिडकीपासून लांब, ओट्याच्या भिंतीला टेबल लावलं. ते सपाट आहे का ते पाणसळ ठेवून बघितलं, एका पायाखाली पुठ्ठा सरकवला, वर थर्मोकोलचा पत्रा आणि मग टाकी. मला पांढरे दगड गोळा करायला धाडलं. बांधकामाच्या ढिगातून मी पिशवीभर आणले. ओट्यावर प्रत्येकावर व्हिनेगरचा थेंब टाकायचा. फेस आला तर चुनखडी, ठेवायचा. नाही आला तर बाहेर. राखाड्यांना जड पाणी लागतं, चुन्याचं. ह्यांनी मात्र टाकीत महागडं काळं लाकूड सजवलं होतं, ज्याने पाणी उलट मऊ होतं. निवृत्त झाल्यावर टाकी चकाचक करायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. त्याआधीची बावळट, दाट पाणवनस्पतीने भरलेली टाकी मला आठवते. तेव्हा पिल्लं पैशाला पासरी होती.

झाडून सगळ्या बागेतली वाळकी पानं मी वेचली, उकळली, पाणी ओतून दिलं, पुन्हा उकळली. घरभर ओल्या मातीचा वास. मुळं हवी होती म्हणून भावजींनी कुंडीतलं एक मेलेलं झुडूप उपटून धुतलं आणि उलटं टांगलं. दगड बादलीत पाणी घालून गच्चीत उन्हाला ठेवले. आठवड्याभरात त्यांच्यावर तपकिरी बुळबुळीत थर आला. तो खरवडायचा नाही अशी मला ताकीद होती. आयुष्यभर मी जी घाण घासून काढली तीच आता जपून वाढवत होते.

शेवटी भावजींनी जुन्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज काढला आणि नव्या पाण्यात पिळला. चहाच्या गाळासारखं पाणी झालं.

"हे काय?"

"जीव आहे तो, वहिनी. ह्यातले जंतू माशांची घाण खातात. हे नसलं तर मासे आपल्याच विष्ठेने मरतात."

दोन दिवसांनी पाणी आपोआप निवळलं. भावजी रोज परीक्षानळीत थेंब टाकून रंग बघायचे. दहाव्या दिवशी म्हणाले, "चला." मी टाकीपुढे उभी राहिले. तो ओहोळ होता. अगदी तोच, फक्त माझ्या ओट्याशेजारी. मला आनंद व्हायला हवा होता हे मला कळत होतं.

नर जुन्या टाकीतच ठेवायचे, फक्त मादी हलवायची असं ठरलं. तिला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून वाडग्यात घेऊन, नळीला गाठ मारून नवं पाणी थेंब थेंब सोडत आम्ही तासभर बसलो. तेवढ्यात भावजींनी पिशवीतून जाळीची पेटी काढली.

"ही कशाला?"

"फक्त पिल्लं होईपर्यंत. हीच त्यांना खाईल ना."

"तिथे पेटी नव्हती."

"तिथे हजार मासे होते, वहिनी! शंभर पिल्लं खाल्ली गेली तरी चालत होतं. आपल्याकडे ही एकच आहे."

"भावजी, ती पेटीमुळेच मरतात." माझा आवाज चढला. मलाच नवल वाटलं. "हे दर तासाला बॅटरी घेऊन पेटीपुढे बसायचे. तिला पळायला चार बोटं जागा, आणि समोर एवढं मोठं तोंड. कुठली बाई बाळंत होईल अशी? निवृत्त झाल्यापासून ह्यांना दुसरं काम नव्हतं. बघून बघून मारली ह्यांनी पिल्लं."

भावजींचा चेहरा पडला. "असं नका बोलू. तो जिवापाड करायचा त्यांचं."

"माहीत आहे मला. माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत आहे?"

गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. पण ते खरं होतं, आणि ह्यांना ते कधीच कळलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही. भावजी पेटी हातात धरून उभे होते. मी वाडगं उचललं आणि मादीला पाण्यात सोडलं. ती क्षणभर तिरकी झाली, मग पानांत शिरली ती दिसेनाशी झाली.

भावजी पेटी पिशवीत टाकून निघून गेले. मला वाटलं, रुसले. संध्याकाळी परत आले ते काळ्या कापडाचा पडदा शिवून. चारही बाजूंना नीट दुमडलेला, खाली वजनाला शिशाच्या गोळ्या घालून शिवलेला. टाकीच्या काचांवर चढवला तर सुरकुती नाही.

"बघायचंच नाही ना? मग कोणीच नाही बघायचं," ते म्हणाले. "पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी उघडू. दोघं मिळून."

न बघणं मला जमतं. आठ महिने मी कपाटाची डावी बाजू उघडली नव्हती. दाढीचं सामान होतं तिथेच होतं, मी आरसा पुसताना त्याला वळसा घालत होते. तशी टाकी. सकाळी वरची फट किलकिली करून चिमूटभर खाणं टाकायचं, तोंड भिंतीकडे. भावजींचा दिवसातून दोनदा फोन यायचा.

"उघडलं नाही ना?"

"नाही."

"मी आपलं विचारलं."

लेकीने विचारलं, "आई, माशांचं काय झालं?" मी सांगितलं, मेले असतील किंवा नसतील. ती म्हणाली, "तुला काहीच कसं वाटत नाही गं?" त्यात राग होता आणि तो रास्त होता. तिचा बाप गेला होता. मी फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

ठरल्या रविवारी भावजींकडे गिऱ्हाईक अडून बसलं. तासाभरात येतो म्हणाले. दुपारची वेळ, भांडी झाली होती. मी टाकीपुढच्या फरशीवर बसले आणि पडद्याचा एक कोपरा वर केला.

आधी नुसती पानं दिसली. पाणी चहाच्या रंगाचं. मादी एका दगडावरचं शेवाळ टोचत होती, आणि ती बारीक झाली होती, पोट पार आत. म्हणजे पिल्लं झाली होती. मी पानांवरून नजर फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. खाल्ली हिने, मला वाटलं. भावजींचं ऐकायला हवं होतं. मी पडदा आणखी वर केला. तेवढ्यात एका पानाच्या कडेला दोन ठिपके हलले. डोळे. बाकीचं अंग काचेसारखं, पण डोळे अगदी स्पष्ट. त्याच्यामागे दुसरं. मुळांच्या जाळीत तीन, एकमेकांना ढुशा देत. फुटक्या पाइपाच्या जागी आम्ही कौलाचा तुकडा ठेवला होता, त्याच्या सावलीत चार.

"अहो," मी म्हटलं, "अहो, इकडे या. लवकर. नऊ आहेत!"

कोणी आलं नाही. मी पिल्लांवरची नजर न काढता पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. तरी नाही. आता मात्र मला चीड आली. बायको घसा फोडून ओरडतेय आणि हा माणूस पेपरात डोकं खुपसून बसला असणार. एका हाकेत ओ देतील तर शपथ. मी फरशीवर हात टेकून उठले, गुडघे कुरकुरले, आणि ओढणीला हात पुसत बाहेरच्या खोलीच्या दारात गेले. "नऊ झाली म्हटलं, ऐकू येत नाही का तुम्हाला?" एवढं सगळं वाक्य मी पूर्ण बोलले, आरामखुर्चीकडे बघून.

खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते. ते मीच तिथे ठेवले होते.

मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले आणि मोठमोठ्याने रडायला लागले.