सात लिव्हरची फजिती

मी कुलूप बोलतोय. साधासुधा नाही हं, चांगला सात लिव्हरचा!

नवा होतो तेव्हा माझा तोरा काय विचारता! दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता, "चोराचा बाप आला तरी उघडायचं नाही." चोराचा बाप आलाच नाही. आला तो गिऱ्हाइकाचा बाप.

त्याचं असं झालं. या घरातले बाबा विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग जेवण, मग सुनेचं नाव. पण चार वाजले की न चुकता चपला घालायचे. "दुकान उघडायचंय," म्हणत निघायचे. दुकान तर कधीच विकलेलं! एकदा अंधार पडेपर्यंत सापडले नाहीत. म्हणून मुलाने मला आणून दाराला आतून लावलं.

आता तुम्हीच सांगा, बाबांनी जन्मभर काय केलं? कुलपंच दुरुस्त केली! अशा माणसाला कुलूप लावून कोंडायचं? बाबांनी सुनेची केसांची पिन उचलली, "नवीन दिसतोस रे," म्हणाले आणि खट्ट! माझं नाकच कापलं.

या वेळी ते जुन्या दुकानाच्या पायरीवर सापडले. मुलगा हताश होऊन म्हणाला, "आता यांना कुठेतरी ठेवावंच लागेल."

"थांबा जरा," सून म्हणाली आणि तिने ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंना घरी बोलावलं. रोजच्या कामांतून माणसाला सावरायचं, हे त्यांचं काम. ताईंनी मला पाहिलं, वाकडी पिन पाहिली आणि हसतच सुटल्या.

"यांना कुलूप लावू नका हो. यांना कुलूप द्या!"

मग खिडकीशी टेबल आलं. त्यावर बाबांची जुनी कानस, चिमटा, तारा. दाराला माझ्याऐवजी, दार हललं की वाजणारी घंटी बसली. गिऱ्हाईक कोण? सून! पहिल्या दिवशी तिने दया येऊन मला उघडाच नेलं, किल्लीसकट. बाबा भडकले. "उघडं कुलूप उघडून मागतेस? मला काय खुळा समजलीस?"

ताई म्हणाल्या, "लुटुपुटीचं नको. खरं काम द्या."

दुसऱ्या दिवशी सुनेने माझ्या भोकात काडी मोडून अडकवली. दुखलं, पण सोसलं. बाबा असे रंगले की चार वाजून गेले, तरी चपला दाराशीच. मुलाने ते 'कुठेतरी' पुन्हा काढलं नाही.

काल बाबांनी मला सुनेच्या हातात ठेवलं आणि विचारलं, "पोरी, हे कुठे लावतेस?"

"घराला, मिस्त्री. सासरे निघून जातात हो. जीव घाबरतो माझा."

"कोंडू नकोस गं. माणूस गंजतो. काहीतरी काम दे त्यांना."

"दिलंय, बाबा," तिच्या तोंडून निघून गेलं. डोळे भरून आले होते तिचे.

बाबांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मला परत ओढून घेतलं. "उद्या ये. अजून अडतंय थोडं."

साफ खोटं! मी छान उघडत होतो. पण उद्याचं काम ठरलं, आणि मला कोण आनंद झाला!

मला हात नाहीत, नाहीतर जोडून सांगितलं असतं. मला कोणी तेल घालू नका. उद्या मला अडायचंय.