पाच घरचा सदरा

“पोराचो फोटो त्या मारकीक काढूक देऊ नको गो. आणि सदऱ्याची गोष्ट तर सांगूच नको. घरातला घरात ऱ्हवांदे.”

राधाबाई हे बोलल्या तेव्हा सुचित्रा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. दातांत धरलेला चिमटा काढून ती हसली. “आई, मारकी काय म्हणता, म्हैस आहे का ती? मारिके. आणि फोटोने कुणाचं काय बिघडतंय?”

इंग्रजी घेऊन बीए झालेली सून. सासूची दृष्ट-बिष्ट ऐकायची आणि कपड्यांबरोबर पिळून टाकायची, ही तिची रीत.

मारिके हॉलंडहून सहा महिन्यांसाठी आली होती. भोईवाड्यातल्या त्यांच्या चाळीच्या तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत, एका संस्थेने मुलांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला होता. तिथे ती फुकट शिकवायची. राहायची सुचित्राच्याच मजल्यावर, गुणाजीकाकांच्या रिकाम्या खोलीत. पहिल्या आठवड्यात सकाळी बादली घेऊन रांगेत उभी राहिली, तेव्हा सगळ्या मजल्याला तिची दया आली. शेजारच्या रमाबाईंनी तिला बांगडा काटे काढून भरवला. शिकवायची मात्र जीव लावून, यात खोटं नाही. सुचित्राचा पोरगा वर्गात बसायच्या वयाचा नव्हता, तरी तिची मांडी मिळाली की तासभर हलायचा नाही.

त्याचं कागदावरचं नाव वरद. पण चाळीत त्याला धोंडूच म्हणायचे, आणि त्याला कारण होतं. त्याच्या आधी सुचित्राचं दोनदा पोटातलं गेलं होतं. एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचव्या. तिसऱ्या खेपेला राधाबाईंनी गावची जुनी रीत काढली. पोराला दगडधोंड्याचं नाव द्यायचं. धोंडा कोण कशाला उचलून नेईल? आणि पाच वर्षांचा होईपर्यंत वाढदिवसाला नवा कपडा नाही. पाच घरून जुनं कापड मागायचं, त्याचा सदरा शिवायचा, तो घालून पोराने त्याच पाच दारांत हात पसरायचा. नेणाऱ्याला वाटावं, हे मागून आणलेलं, कुणाला नकोसं पोर आहे. पाचव्या वाढदिवशी सदरा दादरच्या समुद्रात सोडायचा आणि मग नवे कपडे.

सुचित्राचा यावर विश्वास नव्हता. पण झोपलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी आई ती, मोडायची हिंमत कुठून आणणार?

“पण हे तुकडे का?” एका दुपारी मारिकेने सदरा हातात घेऊन विचारलं.

सुचित्राने सांगितलं. सगळंच सांगितलं. ती दोन बाळं गेली हे मराठीत तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्याशीही ‘ते झालं तेव्हा’ एवढंच. इंग्रजीत मात्र शब्द सोपे वाटले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. मारिकेचे डोळे भरून आले. तिने सुचित्राचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. चाळीत इतक्या बायका, पण एवढं शांतपणे कुणी ऐकून घेईलसं तिला कधी वाटलं नव्हतं.

म्हणून चौथ्या वाढदिवशी मारिके कॅमेरा घेऊन मागे मागे फिरली, तेव्हा सुचित्राने तिला अडवलं नाही. पाचही दारांत नुसता हशा होता. “काय रे धोंड्या, काय पायजे? श्रीखंड की फटका?” रमाबाई ओरडत होत्या. पोरगं लाजून हात पुढे करत होतं, आणि तो हात मागे जाऊ नये म्हणून सुचित्राने कोपराशी धरला होता. राधाबाई दारातून बघत होत्या.

मारिके परत गेली तेव्हा अख्खा मजला रडला.

नंतर आठ महिन्यांनी, धोंडू दादरच्या बालवाडीत रुळला होता, तेव्हा पालकांच्या ग्रुपवर तेजस्वी नावाच्या एका आईचा मेसेज आला. ‘सुचित्रा, हा आपला वरदच ना ग?’ खाली मारिकेच्या पेजवरून आलेला फोटो.

तुकड्यातुकड्यांचा सदरा, पुढे पसरलेला हात, वर बघणारे डोळे. रमाबाई कापल्या होत्या, श्रीखंडाची वाटी कापली होती, हसणारी पोरं कापली होती. कडेला कोपराशी चार बोटं आणि एक हिरवी बांगडी तेवढी राहिली होती. खाली लिहिलं होतं, ‘हा धोंडू. याच्या नावाचा अर्थ दगड. याची दोन भावंडं भुकेने गेली. हा दारोदार मागून जगतो. अशा मुलांना मी शिकवते.’

सुचित्राने ते तीनदा वाचलं. भुकेने.

ग्रुपवर एकीने हात जोडल्याची खूण टाकली होती. दुसरीने विचारलं होतं, ‘काही मदत हवी का?’

तिने मारिकेला लिहिलं. उत्तर तासाभरात आलं, गोड होतं. ‘सुचित्रा, तू दुखावलीस याचं वाईट वाटतं. पण तुमच्या रीती इथल्या लोकांना कळत नाहीत. गोष्ट थोडी सोपी करावी लागते. या फोटोमुळे किती जणांना शिकवायला यावंसं वाटलं, बघ तरी.’

‘माझी मुलं भुकेने गेली नाहीत.’

‘पण गेली ना?’

सुचित्राने लिहिलं, ‘तो फोटो काढून टाक.’ पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं, तर मेसेज पोचेचना. मारिकेने तिला ब्लॉक करून टाकलं होतं. संस्थेला फोन केला, तर तिकडून म्हणाले, ते तिचं स्वतःचं पेज, आमचा संबंध नाही.

राधाबाईंना सांगावंच लागलं. सुचित्रा ‘मी सांगितलं होतं’ ऐकायच्या तयारीने बसली होती. तसं काही आलं नाही. म्हातारीने फोन हातात घेतला.

“भुकेन?” त्या म्हणाल्या. “तुका दिवस गेले तेव्हा मी रोज तांदळाची पेज करून दिलंय. तुका जाईना, तरी घोट घोट पाजलंय.” त्यांनी फोन उलटा करून खाली ठेवला. “आणि ह्या असा लिवता?”

“आई, चुकलं माझं.”

“तुजा काय चुकला? तू मैत्रीण म्हणान सांगलंस.” मग म्हणाल्या, “मरणाक फसवूक सोंग केला होता गो. हिनं ता खरा म्हणान बाजारात मांडला.”

फोटो अजून तिथेच आहे. सुचित्रा तेजस्वीच्या फोनवरून अधूनमधून बघते. मागच्या आठवड्यात त्याच्या वर एक नवा फोटो आला. मारिके आता नेपाळमध्ये शिकवते, पोखऱ्याच्या वरच्या बाजूला कुठल्याशा गावात. निळं दार, समोर दगडी पायऱ्या, दारात पाच-सहा वर्षांची मुलगी, केस विस्कटलेले, हात पुढे. ‘हिला कुणी नाही,’ असं खाली लिहिलंय.

सुचित्राने फोटो मोठा करून पाहिला. मुलीच्या खांद्यावर, अगदी कडेला, तीन बोटं आहेत. लाल काचेच्या दोन बांगड्या. बाकीची बाई कापलेली.

म्हणून तिने ही गोष्ट चारचौघांत सांगायला काढली. स्वतःच्या पोराचं झालं ते झालं. तुमच्यापैकी बरेच जण सुट्टीत नेपाळला जातात. पोखऱ्याला गेलात तर वरच्या गावात जरा चौकशी करा. निळं दार, समोर दगडी पायऱ्या. ती मुलगी बरी आहे का, जेवते का, बघून या. आणि लाल बांगड्यांची बाई भेटली, तर तिला तेवढा फोटो दाखवा, खाली काय लिहिलंय तेही सांगा.